गोड माती

माझ्या सायकलच्या दुकानामागे एक खोली आहे. तिच्यात जुने टायर, मोडकी हँडलं, एक न चालणारा पंप आणि खताच्या गोण्यांत भरलेली माती आहे. गोण्यांची तोंडं सुतळीने शिवलेली आहेत. एका गोणीत मातीबरोबर एक लोखंडी तवाही आहे. दिवाळीच्या साफसफाईला माझी सून दरवर्षी विचारते, "बाबा, ही माती कुंड्यांना घेऊ का?" आणि मी दरवर्षी तिच्यावर वस्सकन ओरडतो. बिचारीने माझ्याविषयी काय मत करून घेतलं असेल ते असो. पण ती माती माझी नाही. लिंबाजीअण्णांनी ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. "ज्याची हाय तो न्यायला येईल, तवर संभाळ," असं सांगून ते गेले. न्यायला अजून कुणी आलेलं नाही आणि खरं सांगायचं तर कुणी येईल असं मला वाटतही नाही. तरी पावसाळ्यातल्या दमट दुपारी त्या खोलीचं दार उघडलं की अण्णा गोणीला टेकून बसले असतील असं वाटतं आणि मी उगाच खाकरून आत जातो.

लिंबाजीअण्णा म्हणजे जालन्यातल्या आमच्या मस्तगड भागातले बॅटरीवाले. एक्याऐंशी साली वडिलांशी भांडून मी सायकलचं दुकान टाकलं, तेव्हा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आधीपासूनच होते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे भिंतीने वेढलेलं अंगण, एवढा त्यांचा पसारा. मूळचे घनसावंगीकडच्या खेड्यातले. भाऊ शेतीत राहिले आणि हे ट्रकवर क्लिनर म्हणून निघाले ते बॅटरीचं काम शिकून जालन्यात थांबले. उंच, वाळका माणूस. अंगातल्या शर्टाला आठवडाभरात भोकं पडायची, कारण बॅटरीतलं पाणी म्हणजे तेजाब. त्यांची बायको गयाबाई म्हणायची, "ह्येंच्या अंगावर शर्ट न्हाई, चाळणी हाय."

जीप असो, ट्रॅक्टर असो, की वीज न पोचलेल्या खेड्यातून टीव्हीसाठी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली बॅटरी असो, अण्णांची तपासायची तऱ्हा एकच. झाकण उघडायचं, आतल्या पाण्यात करंगळीचं टोक बुडवायचं आणि जिभेला लावायचं. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचं. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. "जान हाय अजून हिच्यात," असं अण्णा म्हणाले की ते सुटकेचा श्वास टाकायचं. भिंतीवर तपासणीचा काचेचा मीटर होता, पण तो धूळ खात लटकलेला. मी त्यांना म्हणायचो, "अण्णा, एक दिवस जीभ जळून जाईल."

"जाऊ दे. बोलायला लई लागतीच कुठं!"

बॅटरीला ते 'ती' म्हणत. नवी विकली की तिला हळदकुंकू लावत आणि गिऱ्हाइकाला बजावत, "नवी नवरी हाय. पाणी येळेवर पाजा, लई वझं टाकू नका." मेलेली बॅटरी परत आली की मात्र ती अंगणात जायची. तिथे अण्णा ती फोडत, आतल्या शिशाच्या प्लेटा कढईत वितळवत आणि साच्यात ओतत. उरलेला काळा गाळ तिथेच अंगणात पसरत. रिकामे रबरी डबे गयाबाई धुऊन घ्यायची आणि त्यांत पुदिना, कढीपत्ता लावायची. आपल्या धंद्यात वाया काही जात नाही, याचा अण्णांना भारी अभिमान होता. आम्हीही मान डोलवायचो. त्या पुदिन्याची चटणी मी कितीदा खाल्ली असेल, सांगता येत नाही.

त्यांना एकच मुलगी, सुनंदा. ती अंकुशनगरला दिली होती. जावई साखर कारखान्यात कामाला. पहिल्या बाळंतपणाला सुनंदा रीतीप्रमाणे माहेरी आली आणि अण्णांचं दुकानात लक्ष लागेना. कुणाकडून सीताफळं मागव, कुणाकडून गावरान तूप, असं चाललेलं. सुनंदाला मात्र डोहाळे लागले मातीचे. यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. कुणी चुलीतली माती खाते, कुणी खापरी. गयाबाई अंगणातल्या लिंबाखालची माती चाळायची, तव्यावर खमंग भाजायची आणि वाटीत घालून लेकीपुढे ठेवायची. सुनंदा ती पेढ्यासारखी खायची.

"आई, आपल्या अंगणातली माती किती गोड हाय गं," ती म्हणाली आणि ते गल्लीभर झालं. बायका चिमूट चिमूट चाखून बघून गेल्या. खरंच गोडसर होती. अण्णांनी तर व्याह्यांची थट्टाच आरंभली. व्याही भेटायला आले तेव्हा माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "तुमच्याकडं कारखाना चालवावा लागतो गोडासाठी. आमच्याकडं अंगणातच निघून राह्यलं." व्याही हसले, मी हसलो, आत गयाबाई तवा उलथताना हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि नकोसं होतं.

मुलगी झाली. नाव ठेवलं सोनी. गोरी, मोठ्या डोळ्यांची. पण मान धरायचे दिवस उलटले तरी ती मान धरेना. मधेच डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. अंगारे झाले, धुपारे झाले, जालन्यातले डॉक्टर झाले. शेवटी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्या शहराची मला माहिती म्हणून अण्णांनी मला सोबत घेतलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, दमलेले होते आणि नीट ऐकून घेणारे होते. तपासून झाल्यावर सुनंदा बाळाला पाजायला बाहेर बाकावर गेली. डॉक्टरांनी अण्णांच्या भोकाभोकांच्या शर्टाकडे पाहिलं आणि धंदा विचारला. मग अण्णांना म्हणाले, "तोंड उघडा." ओठ खाली ओढून त्यांनी हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळसर रेघ होती. ती मी रोज पाहत होतो आणि तंबाखूची समजत होतो.

"गरोदरपणी मुलीने काय काय खाल्लं?"

"समदं खाल्लं, साहेब. आन डोहाळे म्हणाल तर आमच्या अंगणातली माती." अण्णा हसले सुद्धा. "लई गोड हाय आमची माती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"शिसं गोडसर लागतं," ते म्हणाले. मग त्यांनी सावकाश सगळं समजावून सांगितलं. बॅटरीतलं शिसं मातीत, मातीतून आईच्या रक्तात, तिथून पोटातल्या बाळाच्या मेंदूत. झालेलं भरून निघायचं नाही. त्या घरापासून आईला आणि लेकराला लांब ठेवा, एवढंच आता हातात आहे.

 अण्णांनी एकच विचारलं. "साहेब, भाजलेली आसली तर?"

"भाजल्याने शिसं जात नाही."

येताना बसमध्ये सुनंदा खिडकीशी बाळाला घेऊन पेंगत होती. पोरीला मी समजावतो, असं अण्णांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं. मागच्या बाकावर त्यांनी माझं मनगट धरलं. "वसंता, हे गयाला कळायचं न्हाई. तिनं आपल्या हातानं भाजून दिलंय. कळलं तर ती जगायची न्हाई. आन सुनंदाला सांगावं, तर ती आईपशी बोलल्याबिगर राह्यची न्हाई."

"मंग काय सांगणार त्यांना?"

"काहीच न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं आणि मलाही पाळायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गयाबाईचा तवा नाहीसा झाला. तिने सगळं घर पालथं घातलं, मग समोरच्या बाईवर आळ घेतला आणि दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होते. त्याच आठवड्यात त्यांनी जावयाला बोलावून घेतलं आणि सुनंदाला, पाळण्यातल्या सोनीला सासरी लावून दिलं. मुहूर्त नाही, कुंची-अंगडं नाही. गल्ली काय बोलली ते लिहीत नाही. अधू नात झाली म्हणून आजोबाने घराबाहेर काढली, असं सगळ्यांचं एकमत झालं. मला त्या बोलणाऱ्यांची तोंडं फोडावीशी वाटत होती, पण शपथ माझ्याही तोंडावर होती.

अण्णांनी कढई पालथी घातली ती कायमची. साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळी नाही, प्रसादाचा पेढा आला तर तो गाईला. लोक म्हणाले, मधुमेह झाला. अंगणाच्या दाराला कुलूप लागलं. गल्लीतलं एखादं लेकरू चेंडू काढायला भिंतीवर चढलं तर अण्णा काठी घेऊन धावत. लेकरं त्यांना भुताचा म्हातारा म्हणू लागली. हात तर इतक्यांदा धूत की पाणी भरणारी गयाबाई वैतागायची.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, विकून टाका हे घर."

"आन मंग हितं कोण राह्यल? त्याला लेकरं नसतील?"

पण धंदा थांबत नव्हता. माणसं नवी बॅटरी न्यायची आणि जुनी ठेवून जायची. भंगारवाले रोज दारात उभे, द्यायला तयार असाल तर न्यायला तयार. अण्णा देईनात. "तू काय करणार हिचं?" ते विचारत. फोडणार, वितळवणार, आणखी काय! "कुठं? तुझ्या अंगणात? तुझी लेक येती का माहेरी?" भंगारवाला वेड्याकडे बघावं तसा बघत निघून जायचा. जुन्या बॅटऱ्या शेडमध्ये एकावर एक चढत गेल्या. पुढे अण्णांना तिथे वळायला जागा उरली नाही.

एक दिवस त्यांनी टेम्पो ठरवला आणि सगळ्या बॅटऱ्या त्यात घालून औरंगाबादला निघाले. बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीच्या डेपोत. मी बरोबर गेलो, कारण अण्णा तिथे काय करतील याची मला धास्ती होती. डेपोतला मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. अण्णांनी चहा बाजूला सारला.

"साहेब, तुमच्या बॅटऱ्या आणल्यात."

"खराब निघाल्या का? गॅरंटीत आहेत?"

"न्हाई. बराबर चालल्या. आता म्हाताऱ्या झाल्या. हेंला परत घ्या."

मॅनेजर हसला. "अहो, आम्ही विकतो. जुनं घेत नाही. भंगारात द्या."

"भंगारात गेली की ती कुणाच्या तरी दारात फुटती, साहेब. तुमच्याकडं मोठा कारखाना हाय, चिमण्या हायत, शिकलेली माणसं हायत. आमच्याकडं कढई हाय." मग त्यांनी एका बॅटरीवरचं ठसठशीत नाव बोटाने दाखवलं. "हे नाव कुणाचं?"

"कंपनीचं."

"बापाचं नाव लावून धाडली ना? मंग हिचं माहेर तुमचं. म्हातारपणी ती तुमच्याकडंच आली पायजे."

 मॅनेजर जरा चिडून म्हणाला, "अण्णा, एकदा विकली की आमचा संबंध संपला."

"लेक दिली म्हणून संबंध संपतो काय, साहेब?"

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि तेच दचकले. मॅनेजरला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. अण्णा उठले, हमालाबरोबर स्वतः बॅटऱ्या उतरवू लागले आणि डेपोच्या फाटकाशी ओळीने मांडून टेम्पोत येऊन बसले.  पुढे वर्षानुवर्षं ते असंच करत राहिले. मॅनेजर बदलत गेले. एकाने पोलिसांची धमकी दिली. एकाने वर कळवतो म्हणून सांगितलं. एक तर अण्णा दिसले की मागच्या दाराने पळायचा. काही वेळा बॅटऱ्या ठेवून घेतल्या, काही वेळा त्याच टेम्पोत परत चढवल्या. गल्लीतले दुकानदार चेष्टा करायचे. अण्णा निघाले म्हटलं की कुणीतरी ओरडायचंच, "निघाली बघा वरात माहेराला!" त्यात मी नसायचो, इतकंच.

मधल्या काळात सुनंदाला पुन्हा दिवस गेले. गयाबाईने न विचारता निरोप धाडला की ये म्हणून. अण्णांना कळलं त्या दिवशी मी स्टँडवर सुटे भाग उतरवून घेत होतो. अंबडकडची गाडी आली. सुनंदा उतरली. पेटी, पिशवी आणि कडेवर एवढी मोठी झालेली, मान टाकलेली सोनी. अण्णा समोर उभे. मी त्यांना इतकं अस्ताव्यस्त कधी पाहिलं नव्हतं.

"घरी न्हाई जायचं, बाई. परत जा. तुझी आई येईल तिकडं बाळंतपणाला."

"कामून अण्णा? मी काय केलं?"

अण्णांनी वाकून पेटीच्या कडीला हात घातला.

"सोनीमुळं ना?" सुनंदाचा आवाज फाटला. "लोकांनी हिला बघू नये म्हणून ना?"

तिथे एक शब्द बोलले असते तर लेक हातची गेली नसती. पण त्या शब्दाने गयाबाई गेली असती. अण्णांनी पेटी उचलून त्याच गाडीच्या टपावर चढवली. गाडी हलेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते आणि सुनंदाने एकदाही खाली पाहिलं नाही. खिडकीतून सोनीचा हात मात्र बाहेर लोंबत होता. अण्णांनी तो हळूच आत सारला.

गयाबाई अंकुशनगरला जाऊन बाळंतपण करून आली. मुलगा झाला, धडधाकट. ती आनंदाने सांगायला आली ती आमच्या घरी, नवऱ्याला नाही. त्यानंतर त्या घरात जेवणापुरतं बोलणं उरलं. काही वर्षांनी ती तापाने गेली. सुनंदा आली, पण अण्णांनी तिची उतरायची सोय आमच्याकडे केली. सोनीला आणूच दिलं नव्हतं. आईच्या मयताला आलेली लेक शेजाऱ्याच्या घरी पाठ टेकते, हे बघून माझी बायको मालतीही हादरली. सुनंदा दिवस होईपर्यंत थांबली आणि बापाचा निरोप न घेता गेली.

मी अण्णांना म्हणालो, "आता तरी सांगा. गयाकाकू आता नाहीत."

"आता तर बिलकुल न्हाई. जिती आसती तर तिनं रडून तरी घेतलं असतं. मेलेल्या माणसावर कसं ढकलू?"

गयाबाईच्या मागे ते अंगण खणू लागले. एकटेच, कुदळ घेऊन, रोज सकाळी थोडं थोडं. हातभर खोल माती काढून त्यांनी ती खताच्या गोण्यांत भरली. लपवलेला तवाही एका गोणीत टाकला. गोण्या टेम्पोत घातल्या आणि डेपोवर नेल्या. तेव्हाचा मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, बॅटरीचं एक वेळ समजू शकतो. माती कशी घेऊ?"

"तुमच्याच बॅटरीतनं सांडलेली हाय."

गोण्या परत आल्या. अण्णा त्या शेडमध्ये ठेवून त्यांच्या शेजारी झोपू लागले. फेकाव्यात तर कुठे फेकाव्यात? नदीत टाका, कुणी म्हणालं. नदीचं पाणी कोण पितं, अण्णांनी विचारलं.

मालती त्यांना जेवायला बोलवायची. एकदा पिठल्यात तिच्याकडून दोनदा मीठ पडलं. मी पहिला घास थुंकला. अण्णांनी ताट स्वच्छ केलं.

"अण्णा, मीठ?" मालतीने घाबरून विचारलं.

"बराबर हाय की."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अण्णांच्या ते लक्षात आलं. "जीभ गेली, वसंता," ते ओशाळून म्हणाले. "तू म्हणत होता तसंच झालं. गोड, खारट, काहीच कळत न्हाई. कवाचंच."

"मग साखर कशाला सोडलीत?"

"जिभेला न्हाई कळत. मला तर कळतं ना."

नवं शतक लागलं आणि सरकारचा नियम आला. जुनी बॅटरी दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घ्यायची आणि ती परत नेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची. एके सकाळी कंपनीचा टेम्पो आमच्या गल्लीत शिरला. त्यातून इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उतरला. त्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं. त्याने पत्र्याची एक पाटी दिली आणि हातातल्या कागदावरून वाचून दाखवू लागला, "काका, जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडू नयेत. त्यातलं शिसं मातीत मिसळतं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा गंभीर परिणाम होतो."

मला वाटलं, अण्णा आता याच्या कानाखाली आवाज काढतात. पण ते स्टुलावरून उठले आणि हात जोडून उभे राहिले.

"आसं लिवलंय? छापलंय?"

"हो काका. कंपनीनेच छापलंय."

"जरा पुन्यांदा वाचा."

पोराने पुन्हा वाचलं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत होता. मग बॅटऱ्या टेम्पोत चढल्या. शेवटच्या बॅटरीला अण्णांनी हळदकुंकू लावलं. जाताना त्यांनी गोण्या दाखवल्या.

"माती नियमात नाही, काका," पोरगा म्हणाला आणि टेम्पो गेला.

त्यानंतर अण्णांनी जल्दी केली. गावाकडून, भावाच्या शेतातून, गाडीभर काळी माती आणून अंगण भरून घेतलं. वर शहाबादी फरशी बसवली. गोण्या माझ्या खोलीत आणून टाकल्या, कारण आता त्या घरात त्या नको होत्या. मग धुतलेला शर्ट घालून, नारळ आणि लुगडं घेऊन ते स्वतः अंकुशनगरला गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "येते म्हणाली. नुसतं हो न्हाई म्हणाली, येते म्हणाली."

ती दिवाळीत आली. अण्णांनी फरशी इतकी घासली होती की तिच्यात आभाळ दिसावं. मालती आणि मी फराळाचं घेऊन गेलो होतो. सुनंदाचे केस पिकू लागले होते. तिच्यामागे हात धरून सोनी. अंगाने चांगली मोठी बाई, चेहरा मात्र पाळण्यातल्या लेकराचा. ती पाय ओढत चालायची आणि प्रत्येक गोष्टीला हसायची. अण्णा खुर्चीवर बसून तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

सुनंदा तुटक तुटक बोलत होती. अण्णांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं, बस्स. तेवढ्यात सोनी फरशीवर बसली. दोन फरशांच्या फटीत तिने बोट घातलं, आत उकरलं आणि मातीने भरलेलं बोट तोंडाकडे नेऊ लागली.

अण्णा त्या वयात इतके चपळ असतील असं मला वाटलं नव्हतं. खुर्ची मागे उलटली. त्यांनी गुडघ्यांवर पडून तिचं मनगट पकडलं आणि ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं. मग डोळे मिटून थांबले. बॅटरी तपासताना थांबायचे तसे.

 सुनंदा उभी होती. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, पायाखालच्या नव्या फरशीकडे पाहिलं, लिंबाच्या झाडाकडे पाहिलं, जिथून तिची आई माती चाळून आणायची. मी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिले, पण इतकी वर्षं एका क्षणात उलगडताना पाहिलेला चेहरा तो एकच. ती हळूहळू खाली बसली.

"अण्णा," ती म्हणाली.  "गोड लागती का?"

माझ्या शेजारी मालतीने पदर तोंडात धरला. त्या जिभेला काही कळत नाही, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि अण्णांना.

"न्हाई, बाई," अण्णा म्हणाले. "मातीवानी लागती. निस्ती मातीवानी."

सुनंदाने त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. सोनीच्या बोटाला अण्णांच्या मिशा टोचल्या असाव्यात, ती खदखदून हसत होती. अण्णांनी तिचं बोट धोतराच्या सोग्याने पुसलं, नखातली माती काढली, पुन्हा पुसलं. आम्ही फराळाचा डबा पायरीवर ठेवून निघालो तेव्हाही ते पुसतच होते.